घरी फायटरची पैदास: खाद्य आधी, जोडी शेवटी

फायटरची, म्हणजे बेट्टा माशाची, जोडी जमवणं फारसं कठीण नाही. नर-मादी निरोगी असली आणि पाणी कोमट असलं की बरंचसं काम नर स्वतःच करतो. घरटं तो बांधतो, अंडी तो वेचतो, राखणही तोच करतो. पाळणाऱ्याची खरी परीक्षा अंडी पडल्यापासून चौथ्या दिवशी सुरू होते. शे-दोनशे पिल्लं एकदम आडवी पोहायला लागतात आणि त्यांच्या तोंडात मावेल इतकं बारीक जिवंत खाद्य घरात नसतं. नवख्यांकडची पहिली पिल्लं बहुतेक वेळा इथेच, उपाशी राहून मरतात. जी तरतात त्यांच्यासाठी दोन-अडीच महिन्यांत वेगवेगळ्या बरण्या लागतात, कारण तोवर नर एकमेकांचे पर फाडायला लागलेले असतात.

म्हणून इथे सांगतोय तो क्रम उलटा आहे. आधी पिल्लांचं खाद्य सुरू करायचं, मग त्यांच्या जागेचा हिशेब करायचा, मग काचपेटी लावायची. जोडी घरात येईल ती सगळ्यात शेवटी. या क्रमाने गेलात तर साधारण महिनाभर तयारीत जाईल आणि तो महिना वाया गेला असं एकदाही वाटणार नाही.

त्याआधी माशाबद्दल थोडं. दुकानात मिळणारा फायटर म्हणजे बेट्टा स्प्लेन्डेन्स. हे शास्त्रीय नाव त्याला १९१० साली मिळालं. मूळचा तो थायलंडमधल्या उथळ दलदलींचा आणि भातखाचरांचा. २०१९ साली त्या देशाने त्याला राष्ट्रीय जलचर म्हणून जाहीर केलं. अशा साचलेल्या, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. त्यामुळे या माशाला कल्ल्यांच्या जोडीने हवेतून श्वास घेणारा एक वेगळा अवयव असतो आणि तो दर थोड्या वेळाने वर येऊन हवेचा घोट घेतो. अंडीही तो तळाशी न ठेवता पृष्ठभागावर बुडबुड्यांच्या घरट्यात ठेवतो, हवेच्या अगदी लगत. पुढच्या बहुतेक सूचना या एका गोष्टीतून निघतात: पाणी उथळ, संथ, कोमट आणि वरची हवा दमट.

पिल्लांचं खाद्य: जोडी आणण्याच्या तीन आठवडे आधी

नुकतंच पोहायला लागलेलं पिल्लू जेमतेम ३ मिलिमीटरचं असतं. मोठ्या माशांचं दाणेदार खाद्य चुरून टाकलं तरी ते त्याला ओळखू येत नाही. हलणारं भक्ष्यच त्याला दिसतं. उकडलेल्या अंड्याचा बलक द्या असा सल्ला सर्रास मिळतो. माझ्या मते नवख्याने त्या वाटेला जाऊच नये. पिल्लं थोडा खातात, उरलेला कुजतो आणि दुसऱ्या दिवशी पाण्याला वास येतो.

पहिले तीन-चार दिवस चालतं ते इन्फ्युसोरिया, म्हणजे पाण्यातले सूक्ष्म जीव. जुन्या फिशटँकमधलं पाणी एका मोठ्या बरणीत घ्या, त्यात कोबीचं पान किंवा केळ्याच्या सालीचा बोटभर तुकडा टाका, तोंडावर सुती कापड बांधा आणि बरणी उजेडात ठेवा, पण थेट उन्हात नको. आधी पाणी दुधाळ होतं आणि घाण वास येतो. ते जिवाणू असतात. चार-सहा दिवसांत पाणी निवळू लागतं आणि बरणी उजेडासमोर धरली की धुळीच्या कणांसारखं काहीतरी हलताना दिसतं. ते खाद्य. दुधाळ पाणी कधीही पिल्लांना घालू नका. दोन-दोन दिवसांच्या अंतराने तीन बरण्या लावल्या म्हणजे एक संपेपर्यंत दुसरी तयार असते.

याहून भरवशाचं खाद्य म्हणजे व्हिनेगर ईल, व्हिनेगरात वाढणारे बारीक कृमी. अ‍ॅपल सायडर व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात सफरचंदाची एक फोड आणि एखाद्या पाळणाऱ्याकडून आणलेलं थोडं विरजण. बाटली कपाटात ठेवून दिली तर ती महिनोन्‌महिने चालते, म्हणून हे सगळ्यात आधी सुरू करा. हे बारीक कृमी पाण्यात वरच्या थरात वळवळत राहतात आणि फायटरची पिल्लंही तिथेच असतात. मायक्रोवर्म हे तसेच दुसरे कृमी ओल्या ओट्सवर आणखी सहज वाढतात, पण ते पटकन तळाशी जातात. शिवाय नुसत्या मायक्रोवर्मवर वाढवलेल्या पिल्लांचे पोटाखालचे पर खुंटतात अशी पाळणाऱ्यांची जुनी तक्रार आहे. पूरक म्हणून द्या, त्यावर भिस्त ठेवू नका.

खरी वाढ होते ती आर्टेमियावर. ही खाऱ्या पाण्यातल्या एका बारीक कोळंबीसारख्या जिवाची सुप्त अंडी. डब्यात विकत मिळतात. एक लिटर पाण्यात साधारण २५ ग्रॅम खडेमीठ, पाव चमचा आर्टेमिया, खालून जोरात हवेचे बुडबुडे आणि वर दिव्याचा उजेड. पाणी २८ अंश सेल्सिअसच्या आसपास असलं तर २४ तासांत नारिंगी ढग दिसायला लागतो. थंडीत दीड दिवसही लागतो. मग हवा बंद करायची. टरफलं वर तरंगतात, आर्टेमियाची पिल्लं खाली गोळा होतात. ती नळीने ओढून बारीक सुती कापडात गाळायची, गोड्या पाण्याने धुवायची आणि लगेच खायला द्यायची. तासन्‌तास ठेवली तर त्यांच्या अंगातलं पोषण त्यांचं तेच संपवतात. टरफलं मात्र टाळा, ती पिल्लांच्या आतड्यात अडकतात. जुना किंवा सर्दावलेला डबा उमलतच नाही, म्हणून घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा आणि जोडी आणण्याआधी एकदा उमलवून पाहा. ही चाचणी चुकवू नका.

मोठ्या माशांसाठी डासांच्या अळ्या हे उत्तम खाद्य आहे, पण घरात उघड्यावर पाणी साठवून त्या वाढवू नका. डेंग्यूच्या दिवसांत ते शेजाऱ्यांच्या जिवाशी खेळणं आहे आणि मुंबईत अशा अळ्या सापडल्या तर पालिका नोटीसही देते. मोयना, म्हणजे पाण्यातली बारीक पिसू, पाळली तर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की त्यांनाही चालते आणि आईबापांनाही. गटारातून येणारे जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे चिखलातले बारीक लाल कृमी, मी तरी पेटीत घालणार नाही. त्यांच्यासोबत काय रोग येतील सांगता येत नाही. गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे चिलटाच्या लाल अळ्या, बरे.

जागेचा हिशेब

एका वेळी पन्नासपासून चारशे-पाचशेपर्यंत अंडी पडू शकतात. समजा त्यातली शंभर पिल्लं वाढली. त्यात निम्मे नर धरा. म्हणजे पन्नास बरण्या, रोज किंवा दिवसाआड त्या सगळ्यांचं पाणी बदलणं, आणि थंडीत त्या सगळ्या उबदार ठेवणं. दोन खोल्यांच्या घरात हे कुठे बसेल ते आजच ठरवा. घरच्यांशी बोला. शोभेच्या माशांच्या दुकानदाराशीही आताच बोला, कारण कोणत्या जातीचे आणि किती मोठे झालेले मासे तो घेईल हे त्याच्याकडूनच कळेल. पहिल्या खेपेत नफ्याची आशा धरू नका. आर्टेमिया आणि वीज यांचा खर्च निघाला तरी पुष्कळ.

जागा नसेल तर साधा उपाय आहे. घरट्यातली सगळी अंडी ठेवायलाच हवीत असं नाही. तीस-चाळीस पिल्लं नीट वाढवणं हे दोनशे पिल्लं कशीबशी जगवण्यापेक्षा कितीतरी चांगलं.

पेटी

दीड फूट लांब आणि एक फूट रुंद काचपेटी किंवा तेवढाच प्लास्टिकचा टब पुरतो. त्यात पाणी फक्त ५ इंच, म्हणजे साधारण १६-१७ लिटर. यापेक्षा खोल नको, कारण घरट्यातून निसटलेलं प्रत्येक अंडं आणि पिल्लू नराला तळापासून तोंडात धरून वर आणावं लागतं. त्याच कारणासाठी तळाशी वाळू किंवा खडे घालायचे नाहीत. अंडी त्यात हरवतात.

नळाचं पाणी भरून २४ तास उघडं ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. घाई असेल तर दुकानात मिळणारं अँटिक्लोरीन वापरा. बोअरचं जड पाणी असेल तर त्यात निम्मं आरओचं पाणी मिसळा. तापमान २७-२८ अंश हवं आणि दिवस-रात्र तेवढंच राहायला हवं. पुणे, नाशिक, नागपूरच्या थंडीत थर्मोस्टॅट असलेला २५ किंवा ५० वॉटचा हीटर लागेलच. पाणी उथळ असल्यामुळे हीटर आडवा, पूर्ण बुडेल असा बसवा, आणि पाण्यात हात घालण्याआधी त्याचं बटण बंद करा. मुंबई-कोकणात पावसाळ्याचे दिवस या कामाला फार चांगले: पाणी आपोआप कोमट असतं आणि हवेत दमटपणा भरपूर. विदर्भातल्या उन्हाळ्यात मात्र कूलरचा किंवा पंख्याचा झोत पेटीवरून जाऊ देऊ नका.

फिल्टर पहिले काही दिवस बंद. बुडबुड्यांचं घरटं साध्या लाटेनेही फुटतं.

आता पान. देशी बदामाचं झाड आपल्याकडे गल्लोगल्ली असतं. फांद्या मजल्यांसारख्या पसरलेल्या, पानं मोठी आणि गळण्याआधी लालबुंद होणारी. ज्याची पानं हाताच्या पंजासारखी फाकलेली असतात तो जंगली बदाम वेगळा, तो नको. आपसूक गळलेलं, पूर्ण तपकिरी वाळलेलं पान घ्या. रस्त्याच्या कडेचं, धूर आणि फवारणी झेललेलं टाळा. धुऊन एक पान पेटीत टाकलं की एक-दोन दिवसांत पाणी चहाच्या रंगाचं होतं. त्यातल्या टॅनिनने पाणी किंचित आम्लधर्मी होतं आणि बुरशीला थोडा आळा बसतो. शिवाय पानावर सूक्ष्म जीव वाढतात आणि घरट्याला आधारही मिळतो. पान नसेल तर पॅकिंगच्या बबल रॅपचा तळहाताएवढा तुकडा, बुडबुड्यांची बाजू खाली करून, एका कोपऱ्यात चिकटवा. दुसऱ्या टोकाला जावा मॉस किंवा हायड्रिला या पाणवनस्पतीचा दाट झुबका ठेवा. मादीला लपायला जागा नसलेली पेटी म्हणजे तिचा जीव धोक्यात घालणं.

वर काचेचं किंवा प्लास्टिकचं झाकण हवंच.

जोडी

वय चार महिन्यांच्या पुढचं आणि वर्षाच्या आतलं असावं. दुकानातले लांब परांचे देखणे नर कित्येकदा याहून म्हातारे असतात, म्हणून शक्य तर थेट पैदास करणाऱ्याकडून घ्या. तो वयही सांगेल आणि आईबापही दाखवेल. एकाच खेपेची भावंडं असली तरी पहिल्या वेळी हरकत नाही.

पहिल्यांदा करणाऱ्याला मी आखूड परांची प्लाकाट जात सुचवेन. लांब परांच्या हाफमून जातीची शेपटी १८० अंशांत उघडते, दिसायला तोड नाही, पण तो परांचा भार घेऊन मादीला मिठी घालताना नराची दमछाक होते. प्लाकाट चपळ आणि काटक असतो. मादी नरापेक्षा किंचित लहान किंवा बरोबरीची निवडा. फार मोठी असली तर नराला तिला कवेत घेता येत नाही. दुशेपटी नर आणि दुशेपटी मादी एकत्र लावू नका, पिल्लांत पाठ आखडलेली आणि वाकडी निघण्याचं प्रमाण वाढतं. जाड चकचकीत खवल्यांच्या ड्रॅगन जातीत काहींच्या डोळ्यांवर खवले चढून मासा आंधळा होतो. तशी लक्षणं असलेला मासा कितीही सुंदर असला तरी पैदाशीला घेऊ नये. कोई रंगाच्या, म्हणजे अंगावर रंगीत ठिपके असलेल्या, जोडीपासून तस्सेच ठिपके मिळतील अशी अपेक्षा ठेवू नका. त्या रंगामागचा गुण असा आहे की माशाचे ठिपके आयुष्यभर बदलत राहतात.

घरी आणल्यावर दोघांना एकमेकांना दिसणार नाहीत असे वेगळे ठेवा आणि दहा-पंधरा दिवस दिवसातून दोनदा चांगलं खायला घाला: मोयना, ब्लडवर्म, आर्टेमिया. मादीचं पोट गोल भरलं, त्याखाली पांढरा ठिपका ठळक दिसू लागला, आणि नराच्या बरणीत बुडबुडे जमायला लागले की दोघं तयार आहेत.

भेट

आधी नराला पेटीत सोडा आणि एक दिवस जागा ओळखू द्या. मग मादीला कंदिलाच्या काचेत किंवा दोन्ही टोकं कापलेल्या पारदर्शक बाटलीत, त्याच पेटीत उभी ठेवा. दोघं एकमेकांना पाहतात, पण नराचे दात तिच्यापर्यंत पोचत नाहीत. नर रंग गडद करतो, पर फुलवतो, आणि अधूनमधून घरट्याकडे जाऊन बुडबुडे रचतो. मादीच्या अंगावर उभे फिकट पट्टे उमटले आणि ती डोकं खाली करून त्याच्याकडे वळू लागली तर ती राजी आहे. आडवे पट्टे म्हणजे ती घाबरलेली आहे. तिला परत नेऊन आणखी आठवडाभर खायला घाला. घरटं चांगलं झालं की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काच अलगद उचला.

त्यानंतरचे काही तास पाहणाऱ्याचा धीर सुटतो. नर मादीचा पाठलाग करतो, चावतो, तिचे पर फाटतात. एवढं होणारच, आणि ते पर पुन्हा येतात. पण खवले मोठ्या प्रमाणात निघाले, कल्ल्याला जखम झाली किंवा ती कोपऱ्यात पृष्ठभागाशी निपचित राहू लागली तर तिला तत्काळ बाहेर काढा. दोन दिवसांत काहीच झालं नाही तरी वेगळं करा. दोन आठवडे विश्रांती देऊन पुन्हा प्रयत्न करता येतो.

सगळं जुळलं तर मादी स्वतःहून घरट्याखाली येते. नर तिच्याभोवती वळून तिला कवेत घेतो. पहिल्या काही मिठ्या रिकाम्याच जातात. मग पांढरी, खसखशीएवढी अंडी खाली गळू लागतात. मादी क्षणभर बधिर होऊन तिरपी तरंगत राहते, ती मेली असं समजू नका. नर खाली जाऊन एकेक अंडं तोंडात गोळा करतो आणि वर बुडबुड्यांत बसवतो. हे काही तास चालतं. या वेळात पेटीवर दिवा पाडू नका, काचेवर टकटक करू नका, मुलांना लांबूनच दाखवा. मादीचं पोट रिकामं झालं आणि नर तिला हुसकून लावायला लागला की तिला नराच्या विरुद्ध बाजूने, पाणी न ढवळता काढून घ्या आणि बदामाचं पान घातलेल्या स्वच्छ पाण्यात आराम करू द्या.

नराला तिथेच राहू द्या. तो पडलेली अंडी उचलतो, बुरशी लागलेली वेगळी काढतो, फुटलेले बुडबुडे भरतो. या दिवसांत तो फारसा खात नाही. खायला घालून पाणी घाण करू नका. काही नर पहिल्या खेपेला सगळी अंडी खाऊन टाकतात. तेवढ्यावरून त्याला बाद करू नका, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तोच उत्तम बाप ठरू शकतो. रात्री मंद दिवा चालू ठेवा, म्हणजे त्याला पडलेली पिल्लं दिसतात.

अंडी ते पिल्लू

दीड ते दोन दिवसांत अंडी फुटतात. घरट्यातून इवल्या काळसर शेपट्या खाली लोंबताना दिसतात. पिल्लं खाली पडतात, नर त्यांना पुन्हा वर नेऊन ठेवतो. त्यांच्या पोटात अजून बलक असतो, म्हणून या वेळी काहीही खायला घालायचं नाही. अंडी पडल्यापासून साधारण चौथ्या दिवशी बहुतेक पिल्लं आडवी, सरळ पोहायला लागतात. त्याच दिवशी नराला काढा, कारण आता पिल्लं त्याचं ऐकत नाहीत आणि वैतागून तो ती खाऊ शकतो.

आता रोजचं काम. पहिले तीन-चार दिवस इन्फ्युसोरिया आणि व्हिनेगर ईल, दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. पाचव्या-सहाव्या दिवसापासून ताजा आर्टेमिया सुरू करा. मोठी पिल्लं तो लगेच खातात आणि त्यांची पोटं नारिंगी दिसू लागतात. पोट नारिंगी दिसलं म्हणजे पिल्लू जेवलं, ही रोजची तपासणी ठेवा. ज्यांची पोटं पारदर्शक राहिली त्यांच्यासाठी बारीक खाद्य चालूच ठेवा.

पाण्याचं काय करायचं यात बहुतेकांचा गोंधळ होतो. पहिला आठवडा पाणी काढू नका. रोज पेलाभर त्याच तापमानाचं शिळं पाणी हवेच्या नळीतून थेंबथेंब आत सोडा, पातळी हळूहळू वाढू द्या. दुसऱ्या आठवड्यापासून तळाचा गाळ हवेच्याच बारीक नळीने पांढऱ्या वाडग्यात ओढा. वाडगा पांढरा असला की चुकून आलेली पिल्लं दिसतात आणि परत सोडता येतात. तेवढंच पाणी पुन्हा थेंबथेंब भरा. स्पंज फिल्टर दहा-बारा दिवसांनी सुरू करा, तोही एकेक बुडबुडा निघेल इतका मंद.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्याच्या दरम्यान हवेतून श्वास घेणारा तो अवयव पिल्लांत तयार होतो आणि ती पहिल्यांदा वर येऊन हवा घ्यायला लागतात. पाणी कोमट आणि वरची हवा थंड-कोरडी असली तर याच टप्प्यात पिल्लं पटापट दगावतात. झाकण घट्ट, पाणी आणि झाकण यांत चार बोटं जागा, एवढं या दिवसांत पाळायचंच. वीज गेली तर पेटीभोवती जाड चादर गुंडाळा.

आणखी दोन गोष्टींवर नजर ठेवा. पिल्लांच्या अंगावर सोनेरी धूळ शिंपडल्यासारखी दिसली आणि ती अंग घासू लागली तर तो व्हेल्वेट रोग आहे. पेटी अंधारी करा, पाणी बदला आणि दुकानातलं त्यावरचं औषध पाकिटावर लिहिलेल्या मात्रेतच द्या. आणि तळ्यातून आणलेल्या जिवंत खाद्यातून किंवा झाडपाल्यातून हायड्रा हा चिकटून राहणारा बारीक जीव आणि चतुराच्या अळ्या येतात. हे दोन्ही जीव फायटरच्या पिल्लांना खातात. पाला आधी दोन आठवडे वेगळ्या बादलीत ठेवून पाहिलेला बरा.

बरण्या

महिन्याभरात पिल्लं पन्नास-साठ लिटरच्या मोठ्या टबात हलवा. गर्दी आणि घाण पाणी यांनी वाढ खुंटते, आणि ती खुंटलेली वाढ पुढे भरून निघत नाही. आता मोयना, बारीक चिरलेले ब्लडवर्म आणि हळूहळू अगदी बारीक दाणे सुरू करा. दीड-दोन महिन्यांत रंग दिसायला लागतात.

सातव्या ते दहाव्या आठवड्यात काही पिल्लं पर फुलवून इतरांना अडवताना दिसतील. त्यांना त्याच दिवशी उचला आणि बरणीत ठेवा. एकदा शेपटी फाटली की हाफमूनची घडण पूर्वीसारखी सहसा होत नाही. माद्या आणि शांत नर टबात एकत्र राहू शकतात. बरणी दोन-तीन लिटरची असावी. त्याहून लहान असेल तर पाणी रोज बदलावं लागेल. शेजारशेजारच्या बरण्यांमध्ये पुठ्ठा लावा आणि तो दिवसातून थोडा वेळच काढा. पर फुलवणं हा त्यांचा व्यायाम आहे, पण दिवसभर समोर शत्रू दिसत राहिला तर मासा खंगतो.

वाकड्या पाठीची, पोहता न येणारी पिल्लं प्रत्येक खेपेत थोडीफार निघतात. ती कुणाच्याही गळ्यात मारू नका आणि त्यांची पैदासही करू नका. उरलेले मासे तलावात, नदीत किंवा विहिरीत सोडणं तर कधीच नको. हा मासा इथला नाही, आणि रंगीत लांब परांचा असल्याने पहिल्याच बगळ्याच्या तोंडी जाईल.

साडेतीन-चार महिन्यांचे झाले की मासे देता येतात. देण्याआधी एक दिवस उपाशी ठेवा, म्हणजे पिशवीतलं पाणी घाण होत नाही. पिशवीत एक तृतीयांश पाणी आणि बाकी हवा भरा, प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत. घेणाऱ्याला सांगा की पेल्यात किंवा फुलदाणीत ठेवायचा हा मासा नव्हे. झाकण असलेली दहा-पंधरा लिटरची पेटी आणि थंडीत हीटर हवा. आपल्याकडे सगळ्यात सरळ पाठीचा, जोमाने खाणारा एक नर आणि दोन माद्या ठेवा, आणि बरणीवर जन्मतारीख व आईबापांची नोंद चिकटवा, म्हणजे पुढची जोडी लावताना कुणाला कुणाशी लावतोय हे समोर दिसेल.